दगड कुठल्या बाजूला

सोमवार, ३ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! माझी मुलगी माफी मागणार नाही!

शाळेतून फोन आला तशी दुकानातून उठून धावले. बाईंच्या टेबलाच्या एका बाजूला आमची भिंगरी, गालावर ओरखडा. दुसऱ्या बाजूला तिच्या वर्गातली चष्मेवाली — चष्म्याशिवाय. चष्मा टेबलावर, एक काडी मोडलेली. काडी कोणी मोडली हे विचारायची गरजच नव्हती.

झालं असं. पुस्तकात मोठ्या धबधब्याचा धडा होता. 'कोणी पाहिलाय का?' बाईंनी विचारलं. भिंगरी उठली — मी नाही, पण माझ्या आजीने पाहिलाय, हा बघा फोटो! भिंतीवरचा फोटो चौकटीसकट दप्तरात घालून नेला होता पोरीने, आणि मला पत्ता नाही! चष्मेवाली सुट्टीत तिथे जाऊन आलेली. ती म्हणाली, 'हा खोटा आहे. तो मोठा दगड उजवीकडे असतो. यात डावीकडे आहे. तुझी आजी खोटारडी.'

आजीला खोटारडी म्हटल्यावर काय करायचं मुलीने? टाळ्या वाजवायच्या?

बाई म्हणाल्या, दोघींनी एकमेकींची माफी मागा. चष्मेवाली म्हणाली, 'मी नाही, मी खरं बोलले.' भिंगरी म्हणाली, 'मी पण खरंच बोलले.' मी म्हटलं, काडी आजच्या आज बसवून देते. बाकीचं नंतर बघू.

येताना भिंगरीने हात घट्ट धरला होता. 'आई, आजी खोटं नाही ना बोलत?' 'छट्!' म्हटलं मी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वाटलं होतं, नात आपल्यासाठी भांडली म्हणून सासूबाई खूश होतील. कसलं काय! चेहरा उतरला. 'फोटो न्यायचाच कशाला शाळेत? काच फुटली असती म्हणजे?' मग ओरखड्याला मलम लावत बसल्या. ओरखडा नेमका तिळाशेजारी. 'थोडक्यात वाचला हो माझा तीळ!' भिंगरीच्या उजव्या गालावर तीळ आहे, सासूबाईंच्याही तिथेच. घरात दुसऱ्या कोणाला नाही. हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, गिऱ्हाइकांनासुद्धा.

फोटो पुन्हा भिंतीवर टांगला. आज पहिल्यांदा नीट पाहिला असेन, एरवी नुसती धूळ पुसते. सासूबाई तरुण, नव्या नवरीचा तोरा, केस चापूनचोपून बसवलेले, हातात छोटी पर्स. मागे धबधबा. डावीकडे नाकासारखा पुढे आलेला काळा दगड. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांनी नेलं होतं. सासरे मी या घरात यायच्या आधीच गेले. फोटो स्टुडिओ त्यांचाच, पुढे दुकान, मागे आम्ही. आता नवरा फोटो काढतो आणि मी संगणकावर लोकांचे मुरूम, तीळ, सुरकुत्या पुसते. तरुण करून देते सगळ्यांना. स्वतःला वेळ नाही!

या घरात धबधबा पाहिलेलं माणूस एकच. आणि मी जायचं नाव काढलं की त्या एकच वाक्य टाकतात — 'मी पाहिलाय. काही नाही तिथे. पाणी वरून खाली पडतं, एवढंच.' झालं! विषय संपला. इतकी वर्षं त्या एका वाक्याने माझी वाट अडवली आहे.

यंदा नाही अडणार. आम्ही जाणार. भिंगरीला आजीच्याच जागेवर उभं करून तस्साच फोटो काढणार, दगड डावीकडे! आणि बाईंच्या टेबलावर ठेवणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुकानात गोंधळ. एक गृहस्थ तावातावाने आले — 'हा मी नाहीच!' पासपोर्टच्या फोटोत भांग भलत्या बाजूला. नवऱ्याने घाईत फोटो उलटा छापला होता. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. गृहस्थ म्हणाले, 'सकाळपासून आरशात बघतोय, डोकं फिरायची वेळ आली.' मी आत जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसले.

बाहेर आले तर नवरोबा मोबाइलवर धबधब्याचे फोटो बघत होते. 'अगं, सगळ्यांत दगड उजवीकडेच दिसतोय.' म्हटलं, आत्ताच काय झालं ते विसरलास? उलटसुलट फोटो आपणच छापतो, आणि आपणच त्यांच्यावर विश्वास ठेवायचा? शिवाय हे सगळे एकाच बाजूने काढलेले असणार. तुझ्या वडिलांनी पलीकडून काढला असेल. फोटोग्राफर होते ते, मोबाइलवाले नव्हते!

यावर त्याने मोबाइल खिशात टाकला. 'शनिवारी बावीसला जायचं,' म्हटलं. तर म्हणतो, 'पुढच्या वर्षी नक्की जाऊ. आत्ता दुकान कोण बघणार?'

दुकान, दुकान, दुकान! दुकानाशीच लग्न लावायचं होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोघींची तिकिटं काढली. बस, आणि धबधब्याजवळच्या लॉजमध्ये एक रात्र. दोघीच. बसा आता!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सासूबाईंनी रोज नवा फाटा फोडायचा असं ठरवलेलं दिसतंय. रविवारी — भिंगरीला खोकला आहे. (नाही.) काल — तिथे शेवाळ असतं, पोर घसरेल. आज — माझा गुडघा दुखतो, मला सोडून कशा जाता? अहो, गुडघ्याला सांभाळायला मुलगा आहे ना घरी! दुकान बघतोय, गुडघाही बघेल!

हे तोंडावर म्हटलं. म्हणायला नको होतं म्हणतात लोक अशा वेळी. मला तसं काही वाटलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांच्याशी बोलत नाही. भिंगरी निरोप्या झाली आहे. 'आजी म्हणते मीठ जास्त आहे.' 'आजीला सांग, उद्या कमी घालते.' 'आई म्हणते उद्या कमी घालते.' सगळे एकाच टेबलाशी बसलेले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज त्यांनी अबोला सोडला. मी कपडे वाळत घालत होते, मागे येऊन उभ्या राहिल्या. एक चिमटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

'तिथे गेल्यावर ती फोटोची जागा शोधत बसू नकोस. आता राहिली नसेल. किती बांधकामं झाली असतील.'

'अहो आई, डोंगर का कोणी सरकवलाय?'

'नाही, आपलं सांगितलं.' आणि गेल्या आत.

एवढी का धास्ती घ्यायची, कळत नाही. उलट यांचीच बाजू खरी करायला निघाले आहे मी! चष्मेवालीची आई मला रोज शाळेच्या फाटकात बघते आणि ओठ दाबून हसते. हसू दे. बघतेच तिला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पिशवी भरली. बिस्किटं, उकडलेली अंडी, टॉवेल, चांगला कॅमेरा. नवरोबांनी कॅमेरा काढून देताना अर्धा तास उपदेश केला. भिंगरीने आजीचा फोटो पुन्हा उतरवला, डोळे मिटले आणि पाठ म्हणून दाखवलं — आजीचे पाय इथे, पर्स इथे, दगड तिथे. सासूबाई दारातून बघत होत्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

लॉजवर. केस अजून ओले.

काय आहे ते, बाई गं! आवाज आधी येतो. बसमधून उतरलो तेव्हा वाटलं, शेजारी कुठली गिरणी चालू आहे. मग वळण संपलं आणि समोर पांढरं शुभ्र सगळं. पाणी पडतं, एवढंच?! डोळ्यांवर तुषार, तोंडात तुषार, बोललेलं आपलं आपल्याला ऐकू येत नाही. भिंगरी उड्या मारत ओरडत होती, मला नुसतं तिचं तोंड उघडताना दिसत होतं. मी पण ओरडले. काहीबाही. खूप वर्षांचं साठलेलं. छान वाटलं.

आणि दगड? दगड उजवीकडे.

म्हटलं ठीक, हा अलीकडचा कठडा. पलीकडे जाऊ. रेनकोट भाड्याने देणाऱ्या काकांना विचारलं, दगड डावीकडे दिसेल अशी जागा कुठली? ते आधी हसले. मग बघितलं, ही हटणारी नाही. कानाशी येऊन ओरडले, 'ताई, पलीकडे सरळ तुटलेला कडा आहे, पाखरू बसत नाही तिथे! दगड डावीकडे बघायचा तर डोंगराच्या पोटात शिरून पाण्यातून बाहेर बघावं लागेल!'

'पूर्वी असेल एखादी जागा?'

'माझे वडील पण इथेच रेनकोट द्यायचे. असती तर त्यांनी तिथे दुकान नसतं टाकलं?'

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निगेटिव्ह! उलटी धरली की डावं ते उजवं. कुठूनतरी धबधब्याची निगेटिव्ह मिळवली, ती उलटी लागली, आणि तिच्यावर दुकानात काढलेला बायकोचा फोटो जोडला. आणि ते केस! चापूनचोपून बसवलेले, कोरडे ठणठणीत! इथे पाच मिनिटं उभं राहून बघा म्हणावं. दिवसभर लोकांचे चेहरे खोटे करणारी मी, आणि घरातलंच खोटं मला दिसलं नाही.

आधी चीड आली. अशी चीड, की वाटलं तिथूनच फोन लावावा. मी पाहिलाय म्हणे! काही नाही तिथे म्हणे! न बघितलेल्या धबधब्याने माझी इतकी वर्षं अडवली या बाईने!

भिंगरी माझ्याकडे बघत होती. माझी बाही ओढून तिने मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, 'म्हणजे आजी आलीच नव्हती.'

पुढे म्हणाली, 'बिचारी.'

पोरीने एका शब्दात माझी सगळी हवा काढली. कठड्याच्या बाकावर बसलो, भिजलेली बिस्किटं खाल्ली. कोणासाठी काढला असेल तो फोटो? माहेरी पाठवायला. नवऱ्याने कुठे फिरायला नेलं का, विचारत असतील तिकडून. आणि सासरे म्हणत असतील, पुढच्या वर्षी नक्की, आत्ता दुकान कोण बघणार. मग एके दिवशी तिला दुकानातच उभं करून म्हणाले असतील, जरा मान वर, हस बघू. ती हसली आहे फोटोत. मला ते हसू आता बघवणार नाही.

दुकान कोण बघणार. हे वाक्य मला पाठ आहे. त्यांच्या मुलाच्या तोंडून.

भिंगरीचा फोटो काढला. पिवळा रेनकोट, दात दाखवून हसू, उजवीकडे दगड. बघून म्हणाली, 'आई, हा उलटा करून दे ना. आजीसारखा. आजीला काही सांगायचं नाही.'

'आणि चष्मेवालीला?'

तिने रेनकोटची टोपी मागे ढकलली. 'तिला खरं सांगते.'

सोमवार, २४ फेब्रुवारी

भिंगरीने आपणहून माफी मागितली. सगळ्या वर्गासमोर. 'दगड उजवीकडेच आहे. मी बघून आले.' चष्मेवालीने आजीचं काही विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. आता दोघी एका बाकावर बसतात. बाई मला म्हणाल्या, शेवटी मागितलीच ना माफी! म्हटलं, हो, पण बघून आल्यावर. न बघता नाही मागितली. आणि फाटकात चष्मेवालीच्या आईकडे बघून मीच आधी हसले.

घरी सासूबाईंनी एकच विचारलं. 'मिळाली का गं जागा?' हातातल्या चहावर साय धरली होती.

'मिळाली की,' मी म्हटलं. 'अगदी तुम्ही उभ्या होतात तिथेच.'

त्यांनी साय बाजूला केली आणि चहा प्यायला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

दुपारी फोटो उलटा केला. एक बटण दाबायचं काम. दगड गेला डावीकडे, अगदी आजीच्या फोटोतल्यासारखा. मोठा छापला, तशीच चौकट घातली आणि सासूबाईंच्या फोटोशेजारी टांगला. आजी आणि नात, एकाच जागी. नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. त्याने दोन्ही फोटो पाहिले आणि दुकानात जाऊन बसला. संध्याकाळी म्हणाला, 'पुढच्या वर्षी आपण सगळेच—' मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. वाक्य अर्धंच राहिलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी नवा फोटो भिंतीवरून काढला. खिडकीशी नेऊन बघत राहिल्या. भिंगरीला जवळ ओढलं, तिच्या उजव्या गालावर बोट ठेवलं, मग फोटोतल्या गालावर. तिथे काहीच नव्हतं. तीळ दुसऱ्या गालावर!

लोकांचे एवढे तीळ पुसले मी, आणि घरचा विसरले.

फोटोग्राफरची बायको त्या, उलटा केलेला फोटो ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला.

'तिथे बसायला जागा आहे का गं? माझा गुडघा...'

'आहे,' मी म्हटलं. 'कठड्यालाच बाक आहे.'

'अगं आई, पण आत्ता दुकान—' नवऱ्याने सुरुवात केली.

'बंद ठेव,' सासूबाई म्हणाल्या.