लाल वीस, पिवळं वीस

७ मार्च, शनि.
रेवा २५ पैकी ११. शेवटच्या आठ उडत्या तबकड्यांना तिचे डोळे चाप ओढण्याआधीच मिटत होते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तीन वेळा पाहिलं. नेम चुकत नाही, धक्क्याची भीती आहे. क्लबची १२ बोअर, २४ ग्रॅम छर्रे, आणि मुलगी चौदा वर्षांची, ४१ किलो.

घरी सोडायला गेले तर ताईने दारातच तिची बाही वर केली. उजवा खांदा निळा.
"मनू, ही तुझी भाची आहे की गादी?"
मी तिची बॅग खाली ठेवली.
"पुन्हा निळं दिसलं तर बंद. बॅडमिंटनला काय झालंय?"
रे. जर्मनमध्ये पुटपुटत जिना चढली. ताईने तिच्या नेमबाजीच्या जाकिटाचे खिसे उलटे केले. धुण्याआधी ती सगळ्यांचेच करते, दाजींचेसुद्धा. चार रिकामी काडतुसं निघाली. न बोलता माझ्या हातावर ठेवली.

९ मे ला ज्युनिअर संघाची निवड. ५० पैकी ३८ हवेत. नऊ आठवडे.

१० मार्च, मंगळ.
एरलाउबनिस, परवान्याचं पत्र, आलं! कोर्स, परीक्षा, चारित्र्याची चौकशी, महिनोन् महिने वाट. आता काडतुसं स्वतः भरायला कायद्याने मोकळी. लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाही. दिवसभर इंजेक्टरचे फवारे मोजले. दोनदा टॉयलेटमध्ये जाऊन पत्र वाचून आले.

१४ मार्च, शनि.
ब्रांटच्या वर्कशॉपमध्ये. क्लबवरची देखरेख तेच करतात, वय ७१, बोलणं मोजकं. त्यांच्या बायकोची २० बोअर रे. ला उसनी मिळाली. काकूंचे डोळे आता साथ देत नाहीत.

ताईचा फोन. "वीस? अगं बारा झेपत नाही, वीस कुठे देतेस?"
"उलट आहे, ताई. आकडा मोठा तेवढी नळी लहान."
"हे कुणी ठरवलं?"
"फार जुन्या लोकांनी."
"तरीच."

पण २० ची बंदूकही हलकी, आणि हलकी बंदूक खांद्याला जास्त मारते. म्हणून छर्रे कमी हवेत: २१ ग्रॅम. दुकानात २० साठी शिकारीची जड काडतुसंच मिळतात. म्हणून हा खटाटोप. निवडीचं आउसश्राइबुंग, म्हणजे नियमपत्रक, तीनदा वाचलं. घरी भरलेली चालतात, वजन तपासणार.

पहिली दहा. रिकामं काडतूस, ठिणगी पाडणारी टिकली, पावडर, प्लास्टिकचा कप, छर्रे, वर तोंडाची घडी. पावडर तक्त्यात आहे तेवढीच, तो आकडा इथे लिहीत नाही. घडीचा फोटो ताईला पाठवला. उत्तर: "सहाच कळ्या? असला मोदक आईने ताटातून उचलला असता." हसले. बऱ्याच दिवसांनी, मोठ्याने.

ब्रांटनी निघताना रिकाम्या पिवळ्या काडतुसांची पिशवी दिली. "त्स्वान्सिग इस्ट गेल्ब." वीस म्हणजे पिवळं. मी दुसऱ्या बनावटीची लाल आधीच मागवली आहेत. दोन्ही तपासू.

२१ मार्च, शनि.
वेग मोजला. प्रत्येकी वीस शॉट.
फैलाव: पिवळी ४.८ मी/से. लाल ३.१. कमी तेवढं चांगलं.
३.१! माझ्या हातची, दुसऱ्याच आठवड्यात! ब्रांटना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
"शोन, छान. पण तबकडीने कधी विचारलंय?"
विचारो न विचारो, लाल नक्की. तक्त्यात नोंद: रंग – मापनाशी संबंध नाही.

२८ मार्च, शनि.
३५ मीटरवर कागद, ७५ सेमीचं वर्तुळ, आतली भोकं मोजायची. रे. आणि मी गुडघ्यावर बसून, ती जर्मनमध्ये, मी मराठीत. तिची चार जास्त. पुन्हा मोजली. आता माझी दोन जास्त. तिसऱ्यांदा पेनने एकेक भोक खोडत गेलो. तिचंच बरोबर निघालं. "आल्झो मावशी, आणि पीएचडी तू करतेस?"
वर्तुळ भरलेलं, मधे कुठे तबकडी निसटेल एवढी जागा नाही. किती सुंदर दिसतं ते. कागद घरी आणला, कपाटाच्या आतल्या बाजूला लावला.

४ एप्रिल, शनि.
काल कारफ्रायटाग, म्हणजे गुड फ्रायडे, रेंज बंद. आज उघडी.
रेवा १७. डोळे उघडे! शेवटच्या तबकडीपर्यंत उघडे. नियमाप्रमाणे पेटी माझ्याजवळ, तिच्या हातात दोन-दोन.
घरी ताईने टॉर्च लावून खांदा बघितला. दाबून बघितला. "हं."
ताईच्या तोंडून हे पुष्कळ झालं.

१८ एप्रिल, शनि.
२०!! दोन-दोन देण्याने तिची लय तुटत होती. आज पूर्ण फेरीची एकदम खिशात दिली. मोजून २६, एक जादा, तबकडी फुटकी निघाली आणि शॉट वाया गेला तर म्हणून. २० + २० = ४०. ३८ हवेत. हे गणित ट्राममध्ये चारदा केलं. प्रत्येक वेळी तेच येतं आणि प्रत्येक वेळी बरं वाटतं.

२५ एप्रिल, शनि.
घडलं त्या क्रमाने लिहिते.
रे. ची फेरी संपली, २१. पाऊस. लेना तिची मैत्रीण, पंधरा वर्षांची, १२ बोअर मारते. जाकीट घरी विसरली होती. रे. ने आपलं दिलं. लेनाने आपली काडतुसं त्याच खिशात ओतली. तिचीही लाल.
खिशात माझं सव्विसावं होतं.
लेनाने चाप ओढला. नुसतं टक्. बंदूक उघडली, भरायची जागा रिकामी दिसली. तिला वाटलं, भरायलाच विसरले. पुढचं काढायला खिशात हात.
"हाल्ट!"
ब्रांटना इतकं मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी बंदूक घेतली, नळी आभाळाकडे धरून आत पाहिलं. उजेड नाही. समोरून सळई घातली. माझं वीस त्यांच्या तळहातावर पडलं. १२ च्या नळीत ते बोटभर पुढे घसरून अडकलं होतं. त्याच्यामागे १२ भरून उडवलं असतं, तर नळी लेनाच्या डाव्या हातापाशी फुटली असती.
काडतूस शाबूत. घडी उत्तम.
ते रागावले नाहीत. "म्हणून गेल्ब," एवढंच. मग रेंजच्या वहीत नोंद केली, मला सही करायला लावली.

२६ एप्रिल, रवि.
लालवर पिवळा पट्टा रंगवते म्हटलं. ब्रांट म्हणाले, "नाइन." नाही. लेबल? "नाइन. उघड सगळी."
१७२. एकेक उघडून छर्रे एका डब्यात, पावडर वेगळी, टिकल्या त्यांच्या ताब्यात. सहा तास. ब्रांट शेजारी बसून कॉफी पीत होते, मदत केली नाही. बरोबर केलं.
तक्त्यातली रंगाची ती ओळ तशीच ठेवली आहे. खोडली नाही.

२८ एप्रिल, मंगळ.
रे. ने घरी सांगितलेलं नाही. मी तिला 'सांगू नको' म्हटलं नव्हतं. 'सांग'ही म्हटलं नव्हतं.
आज ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही. मी रंगाचं कारण सांगितलं, ३.१ आणि ४.८ सांगितलं. ऐकताना माझं मलाच ते आकडे कसेसेच वाटले.
"लेनाच्या आईला सांगितलंस?"
"ब्रांटनी नोंद केलीय."
"मी तुझं विचारतेय."
"नाही."
"मग आधी तिकडे जा. माझ्याशी नंतर बोल."
निवडीचं विचारायचं धाडस झालं नाही.

२९ एप्रिल, बुध.
गेले. लेनाच्या आईने दार उघडलं, आत घेतलं. तिला सगळं माहीत होतं. लेनाने शनिवारीच सांगितलं होतं. "चार दिवस मी तुमच्या फोनची वाट बघत होते," म्हणाली. आवाज चढवला नाही. मी माफी मागितली, कारणं सांगितली नाहीत. निघताना तिने विचारलं, आता कुठला रंग?

२ मे, शनि.
नवी पिवळी. फैलाव ४.७. रेवा तीन तबकड्या चुकली, नंतर ओळीने सतरा फोडल्या. मला वाटलं, मीच ओरडणार. ओरडले नाही. मूठ खिशात.
शेवटी २१. तबकडीने विचारलं नाही.
ताईला आकडा पाठवला. दोन निळ्या खुणा.

७ मे, गुरु.
ताईचा फोन, सकाळी ६.५०. "शनिवारी किती वाजता निघायचं?"
"तू येणार?"
"खिसे मी बघणार. तुम्हा दोघींवर सोडणार नाही. आणि पहिल्या फेरीनंतर खांदा बघेन. निळा असेल तर तिथूनच घरी. पुढचं पुढे."
दिवसभर लॅबमध्ये एकही माप धड आलं नाही.

९ मे, शनि. रेंजवर, बाकावर बसून
वजन तपासलं, पास. ५० पिवळी, खिशात जादा एकही नाही. फुटकी निघाली तर हात वर करायचा, मी नेऊन देणार.
पहिली फेरी २०. म्हणजे आता १८ हवेत.
ताईने तंबूत खांदा पाहिला. बराच वेळ. मी बाहेर. रे. चा आवाज, "ममा, बिट्ट, प्लीज." मग ताईचा, "हलू नको."
बाहेर आल्या. ताईच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, कधीच कळत नाही, घराण्यातच आहे. मला म्हणाली, "लालसर आहे. निळं नाही. अजून."
मग सगळ्यांसमोर, पंचांसमोर, "खिसे."
"ममा!"
"उलटे कर."
एक टिश्यू, एक चॉकलेटचा कागद. ताईने दोन्ही आपल्या पर्समध्ये टाकलं. मग माझ्याकडे हात केला. मी पंचवीस तिच्यासमोर मोजली. तिने एकेक फिरवून पाहिलं. एका काडतुसाच्या तोंडावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "कळ्या बऱ्या पडल्यात."
लेना मागच्या बाकावर, आईच्या शेजारी. आल्या आहेत.
रे. जागेवर उभी राहिली. बंदूक खांद्याला. ताईने माझं मनगट धरलंय, उजवं, त्यामुळे अक्षर असं. कानाला मफ्स लावायचे आहेत. रे. ने तबकडी सोडायला हाक दि