तुझ्या नावावर लिहिलेलं कारण

आई, तुझ्या नावानं मी एक खोटी गोष्ट लिहून दिली. साध्या कागदावर नाही, शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून. तो कागद कॅनडाच्या सरकारकडे जायचा होता. तुझं नाव कधी रेशनकार्डाच्या बाहेर गेलं नाही, आणि तुला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर मी ते इतक्या लांब धाडायला निघालो, तेही न केलेल्या गोष्टीसाठी.

तू गेलीस तेव्हा तुझी नात तीन वर्षांची होती. आता ती पंचवीसची आहे, तळवड्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. जावई मोशीचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. कॅनडाला शिकायला गेला आणि तिथेच कामाला लागला. तिकडे कायमचं राहायचा परवाना असतो, त्याला इथे सगळे पीआर म्हणतात, तो त्याला मिळाला आहे. आता बायकोला न्यायचं तर त्यानं तिच्यासाठी अर्ज करायचा, आमचा संसार खरा आहे असं त्या सरकारला पटवायचं, मग तिला बोलावणं येतं. लग्न ठरलं तेव्हाच तो म्हणाला, “काका, डिसेंबरात येतोय तेव्हा कोर्ट मॅरेज करून घेऊ, म्हणजे फाइल लवकर टाकता येईल. हळद, मांडव, जेवणं सगळं वैशाखात.” आमच्या या पट्ट्यात आता हे नेहमीचं झालंय. परदेशातला मुलगा असला की आधी नोंदणी कार्यालयात सह्या, पेढे, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं. सहीला कुणी लग्न म्हणत नाही. कागद झाला, असं म्हणतात.

कागद झाला तेव्हा जावयाची तीन आठवड्यांची रजा शिल्लक होती. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचं बोलणं तुझ्यासारखंच आहे, सरळ. “पावणं, पोरीला आमच्यात धाडा की. सही झालीया, आता काय राह्यलंय? दोघं राहत्याल चार दिस बरुबर.” मी म्हणालो, “आमच्या आईचा नियम होता. देवापुढे अक्षता पडल्याशिवाय आमच्यात मुलगी पाठवत नाहीत.” त्या म्हणाल्या, “थोरामोठ्यांचं मोडू नये. राहू द्या मग.” मेलेल्या आईशी कोण वाद घालणार. चिखलीतल्या आमच्या घरापासून मोशी पंधरा मिनिटांवर आहे. तो पोरगा रोज संध्याकाळी गाडीवरून यायचा, हॉलमध्ये चहा घेऊन बसायचा, आणि समोर मी पेपर घेऊन बसायचो. एकदा दोघं आळंदीला दर्शनाला निघाली, तर मी तुझ्या सुनेला बरोबर लावून दिलं. आता त्या दिवसांचे फोटो काढून बघितले, तर नोंदणी कार्यालयाच्या पायरीवरच्या प्रत्येक फोटोत दोघांच्या मधे मी उभा आहे.

तो परत गेला. पुढच्याच महिन्यात त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली. दुसरी नोकरी लागली, पण सहा महिने रजा नाही. वैशाखातली तारीख गेली, मार्गशीर्षातली धरली. फाइल मात्र आधीच गेली होती, आणि त्यात एका ठिकाणी लग्न झालं म्हणून तारीख होती, दुसऱ्या ठिकाणी लग्न वैशाखात होणार असं पोरीनं साधेपणानं लिहिलेलं होतं.

कॅनडाहून पत्र आलं ते रविवारी, सकाळी मेलवर. स्वयंपाकघरात तुझी सून भाकरी करत होती, पोरगी ओट्याला टेकून फोन वाचत होती. वाचता वाचता तिनं फोन पालथा ठेवला. म्हणाली, “बाबा, ते म्हणतायत आमचं लग्न खरं वाटत नाही.” त्यांनी विचारलं होतं की लग्न झालेलं असताना, एकाच शहरात तीन आठवडे असताना, नवराबायको एक दिवसही एकत्र का राहिले नाहीत. पुढचं लग्न कसलं. फोटोत नवरा-नवरीसारखी का दिसत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्या, पटलं नाही तर अर्ज नामंजूर करू. पुढे अपील करता येतं, पण त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. ती रडली नाही. तव्यावरची भाकरी करपत होती, ती तिनं हातानंच उलटली.

तळवड्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथल्या मॅडम अशा फाइली बघतात. बाई लातूरकडच्या, बोलायला कडक. फाइल चाळून त्या म्हणाल्या, “काका, तुमचं काहीच खोटं नाही, पण मांडलंय असं की खोटं वाटावं.” मग त्यांनी पोरीला एकेक सांगितलं आणि मी शेजारी बसून ऐकलं. सरकारला सहीचा दिवस तोच लग्नाचा दिवस, सगळ्या कागदांवर ती एकच तारीख हवी. मार्गशीर्षातल्या कार्यक्रमाला विधी म्हणा, लग्न म्हणू नका. तीनशे फोटो नकोत, वीस द्या, पण प्रत्येकाखाली कोण, कुठे, केव्हा ते लिहा. वर्षभर रोज बोलता ना, मग त्या कॉलच्या नोंदी काढा, प्रत्येक महिन्याच्या थोड्या. विम्यावर, पीएफवर एकमेकांचं नाव लावलं का? नसेल तर लावा, पण आजची तारीख आजचीच ठेवा. त्याची नोकरी गेली होती ते लपवू नका, तेव्हा तुम्ही काय बोललात तेच तर त्यांना बघायचंय. पिंपरीत कुणीतरी जावयाच्या भावाला मागच्या तारखेचा भाडेकरार करून देतो म्हणालं होतं. तो विषय निघाल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. “उशीर झाला तरी माणूस तिकडे पोचतो एक ना एक दिवस. खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद.” शेवटी माझ्याकडे वळल्या. “मुलीला का पाठवलं नाही, ते वडिलांनीच लिहून द्यावं. तुमच्या शब्दांत. काय कारण होतं?”

मी तुझा नियम सांगितला. त्यांनी इंग्रजीत टाइप केला, मराठीत वाचून दाखवला, मी सही केली. आई, ऐकायला फार चांगला वाटला तो नियम.

घरी येऊन कागद तुझ्या सुनेला दाखवला. तिनं चष्मा लावून सगळा बघितला, मग मला विचारलं, “आत्यांचा नियम? केव्हाचा?” मी कागदाची घडी घालायला लागलो. “आत्या असत्या तर पोरीची बॅग त्यांनी स्वतः भरली असती,” ती म्हणाली. “आणि मोशीच्या बसमध्ये तिच्याशेजारी बसून सोडून आल्या असत्या. तुम्ही कुणाला सांगताय?”

तिला तू गेटचा प्रसंग सांगितला होतास, दर वेळी हसत. मी तर तिथेच होतो. दादा तुला आणि आम्हा दोघा पोरांना गावी ठेवून पाच वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत होते, सहा जणांत एक खोली, दर पत्रात खोली मिळाली की नेतो. त्या उन्हाळ्यात तू पत्र्याची पेटी, मला आणि धाकटीला घेऊन, न विचारता एसटीत बसलीस. आपण कंपनीच्या गेटवर उभे आहोत. वॉचमन तुला आत निरोप द्यायला तयार नाही. म्हणतो, “बाई, बायको म्हणून कुणीबी येतं. कशावरून?” तुझ्याकडे ना फोटो ना कागद. तू पदर सारखा करतेस आणि म्हणतेस, “त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीला नख न्हाई. जा, बघून ये.” तो हसत आत गेला. थोड्या वेळानं दादा आले, एका पायात बूट आणि दुसरा हातात. गेटवरची सगळी माणसं हसत होती आणि दादा तुझ्यावर ओरडत होते, “इथं कुठं ठिवू तुला? जागा तरी हाय का?” तू म्हणालीस, “तुमी निजता तिथं.” त्यांच्या खोलीतली पाच माणसं आठ दिवस बाहेर व्हरांड्यात झोपली, मग कासारवाडीला पत्र्याची खोली मिळाली.

हे मी सगळ्यांना सांगत आलोय. पुढचं कधी सांगत नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि त्या पत्र्याच्या खोलीत चौथं अंथरूण मावत नव्हतं, म्हणून तू मला काकांकडे गावी परत पाठवलंस. धाकटी लहान होती, ती राहिली. मी दहावीपर्यंत गावीच शिकलो. तू दिवाळीला यायचीस आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचीस, आणि मी मुद्दाम पाटी घेऊन बसायचो, निरोपाला उठायचो नाही. एकदा तू त्यावरून रागावलीस. “आई निघालीय अन् तू गणितं सोडवतूस?” मी म्हणालो, गुरुजींनी दिलीत. गुरुजींनी काही दिलेलं नव्हतं.

तू नवऱ्याकडे जायचं ठरवलंस आणि मी मागे राहिलो, एवढंच मी चाळीस वर्षं धरून बसलो होतो. तो राग मोठा नव्हता. कधी बाहेरही आला नाही. पण पोरीला धाडायची वेळ आली तेव्हा त्यानंच तोंड उघडलं, आणि तुझ्याच नावानं बोलला. तू असं कधी म्हणालीस का ते सोड, बायकोनं थांबून राहायचं हे तू जे मोडलंस तेच मी तुझा नियम म्हणून सांगितलं. त्या पाच वर्षांत तुझं काय झालं असेल हे मला आत्ता, पोरगी रोज सकाळी कामावर जायच्या आधी फोन पुढ्यात ठेवून नवऱ्याशी बोलत डबा भरते ते बघताना कळतंय. तुझ्याकडे तर फोनही नव्हता. तू दादांकडे गेलीस ते बरोबर होतं. मला न्यायला जागा नव्हती, तेही खरं होतं.

दोन दिवसांनी मी पोरीला घेऊन परत तळवड्याला गेलो. मॅडमना म्हणालो, तो कागद फाडा. आईचा तसला नियम नव्हता. त्या म्हणाल्या, “मग कारण काय होतं?” मी म्हणालो, “मला तिला पाठवायचं नव्हतं. एकुलती आहे. जाणारच होती, म्हटलं वैशाखापर्यंत तरी घरात राहील.” मॅडमचे हात कीबोर्डवर थांबले. पोरगी शेजारच्या खुर्चीत होती, ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. “हेच लिहू,” मॅडम म्हणाल्या. “हे कुणालाही समजतं.” आणि जरा थांबून, “काका, हे डिसेंबरात बोलला असता तर माझी फी वाचली असती.”

येताना गाडी पोरगी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर, मागे न बघता म्हणाली, “बाबा, मला सांगायचं होतंत. मी कदाचित स्वतःच थांबले असते.” मी म्हणालो, “कदाचित, तेच तर.” ती म्हणाली, “पण मग ते मी ठरवलं असतं ना.” सिग्नल सुटला. जिना चढताना तिनं माझ्या हातातली फाइल घेतली, एवढंच.

मी काम करतो त्या कंपनीत, चाकणला, हे कसं कळलं कुणास ठाऊक, पण आता पोरं जेवणाच्या सुट्टीत विचारायला येतात. परवा आमच्या लाइनवरचा एक जण आला. त्याची होणारी बायको जर्मनीत नर्स आहे. “काका, आमचं फेब्रुवारीत कोर्ट मॅरेज, मग मेन लग्न मेमध्ये.” मी म्हणालो, “मेन लग्न म्हणू नकोस. सही झाली की तेच मेन. त्या दिवसापासून दोघं एका घरात राहा, चार दिवस का होईना. दोन्हीकडच्या घरच्यांना मिळून फोटोत उभं करा, आणि सासऱ्याला कडेला ठेव.” तो म्हणाला, “सासरे ऐकणारे नाहीत राव, लई कडक.” मी म्हणालो, “त्यांना माझ्याकडे पाठव.” तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. देशादेशाचे कायदे वेगळे असतील, तिकडचं मला माहीत नाही, हेही मी त्याला सांगितलं. पण सासरे सगळीकडे सारखेच असतील.

उत्तर मुदतीच्या चार दिवस आधी गेलं. आता नुसतं थांबायचं. मॅडम म्हणतात, दोन महिने लागतील, किंवा सहा. जावई रोज मलाही फोन करतो, काका, जेवलात का विचारतो, त्या तीन आठवड्यांबद्दल एक शब्द काढत नाही. त्याचं ते न बोलणं मला फार जड जातं. रागावला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं मी कंपनीच्या जुन्या चेकलिस्टच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितोय. लिहून झालं की फाडीन. पोरीच्या हाती लागायला नको, तिला जे सांगायचं ते त्या ऑफिसात सांगून झालंय. एक मात्र तिलाही सांगितलेलं नाही, आणि तुझ्या सुनेलाही नाही. रोज संध्याकाळी मी दिवा लावून देवापुढे बसतो, हल्ली जरा जास्त वेळ. घरात सगळ्यांना वाटतं मी फाइलसाठी बसतो. तुझी सून तर भाजी चिरता चिरता मधेच हात जोडते. मी जावयाची नोकरी टिकू दे म्हणतो. लाइनवरच्या त्या पोराच्या सासऱ्याला बुद्धी दे म्हणतो. तुझ्या सुनेचे गुडघे, दादांच्या आणि तुझ्या आत्म्याला शांती, सगळं मागतो. पोरीला बोलावणं येऊ दे, एवढं मात्र अजून एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही. तिथपर्यंत येतो आणि नमस्कार करून उठतो.