एकदाच घ्यायचं पाणी

भिवंडी, १ एप्रिल २०२५

चि. श्रीनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. रविवार, ३० मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तुझ्या मुलाने मला कोंडलं. पाडव्याची गुढी मीच उभारली, सगळ्यांना कडुलिंब वाटला, चर्चमध्ये मिस्सेला जायला चपला घातल्या, तेवढ्यात आल्हादने माझ्या मजल्याच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. बाबांनी सांगितलंय आत्या, आता चर्च बंद, एवढं बोलून तो खाली उतरला. माझ्याकडे बघायचीही हिंमत नव्हती. शुक्रवारी तरी शेजारचे यंत्रमाग बंद असतात. रविवारच्या त्या धडधडाटात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती.

तेव्हापासून राहीबाई स्वयंपाकाला आली की कुलूप निघतं, ती गेली की लागतं. ती म्हणते, ताई, आमच्या अंजूरला गायपन अशी न्हाय बांधत. हे पत्र तिच्याच पिशवीतून टपालात पडेल, कारण फोनवर तू खोकतोस आणि ठेवून देतोस. पोलिसांना बोलावता येईल. पण ज्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, त्याला चौकीत बसवायला माझं मन होत नाही, आणि हे तुम्हा दोघांना पक्कं ठाऊक आहे.

तुला वाटतं, म्हातारपणी मला कुणीतरी फूस लावली. मिशनच्या शाळेत असतानाच, चौदाव्या वर्षी, मी बाप्तिस्मा मागितला होता. मोठ्या सिस्टर हसून म्हणाल्या, तुला घाई कसली? आता शहात्तर झाली, आता तरी घाई करू दे. त्या पाण्यात जुना माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो आणि त्याच्याबरोबर उठतो, असं मी मानते. १९ तारखेला, ईस्टरच्या आदल्या रात्री, कल्याणच्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा व्हायचा आहे. इथे नळ आहे, भरलेलं पिंप आहे, पण ते पाणी आपलं आपण घेता येत नाही. दुसऱ्या कुणीतरीच डोक्यावर घालावं लागतं. म्हणून दार उघडायला सांग.

तुझी ताई, विद्युल्लता

पुणे, ७ एप्रिल २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला गोळी घ्यावी लागली. कुलूप माझ्या सांगण्यावरून आहे, आल्हादवर राग काढू नकोस. अक्षय्य तृतीयेला त्याच्या सईचा साखरपुडा आहे. मुलाकडचे तिथल्याच शेलार गावचे, चार गावांत त्यांचे नातेवाईक. तुझी बातमी फुटली आणि नातीचं लग्न मोडलं, तर मी काय तोंड दाखवू? पाणीच हवं असेल तर नाशिकला चल. मीही गोदावरीत उतरतो, तू हव्या तितक्या डुबक्या मार.

आणखी एक. आजवर बोललो नव्हतो. तू नऊ वर्षांची असताना वसतिगृहात टायफॉइडने निपचित पडली होतीस. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी आईला विचारून तुझ्या डोक्यावर पाणी घातलं. आई म्हणाली, पोर वाचू दे, कुणाच्याही पाण्याने वाचू दे. शेवटच्या आजारात तिनेच मला हे सांगितलं. बाप्तिस्मा एकदाच असतो, हे तूच मला कधीतरी ऐकवलं होतंस. मग आता परत कशाला? घरी बस, सईला साडी निवडून दे.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा श्रीनाथ

भिवंडी, १२ एप्रिल २०२५

चि. श्रीनाथ यास आशीर्वाद, या वेळी मोजूनमापून.

वि. वि. कुलूप परवडलं, असं तू मला कोंडलंस. एकदाच हे खरं. बाप्तिस्मा पुसता येत नाही आणि दुसऱ्यांदा घेताही येत नाही. पूर्वी झालाय का, असं फादरांनी विचारलं तेव्हा मी ताठ मानेने नाही म्हणाले. आता नाही म्हणायला जीभ वळत नाही आणि हो म्हणायला तुझ्याशिवाय साक्षीदार नाही. शंका असेल तर ‘झाला नसल्यास’ असं म्हणून फादर पाणी घालतात. पण साक्षीदार पुण्यात जिवंत असताना मी शंकेवर का जाऊ?

आता नीट ऐक. तू थाप मारली असशील तर तसं लिही. मी रागावेन, पण तुझी ताईच राहीन. मग दार उघड, म्हणजे मी पाणी घ्यायला जाईन. खरं असेल, तर मी नऊ वर्षांची असल्यापासून ख्रिस्ती आहे. आल्हादच्या मुंजीतले लाडू, दरसालच्या गौरी, परवाची गुढी, सगळं एका ख्रिस्ती बाईच्या हातचं. तुमच्या घराचं एक कौलही हललं नाही, मग सईच्या सासरचं कसं हलेल? मीच तिला जाळीतून सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्याआजी, तू नसशील तर मी अंगठी घालून घेणार नाही. साडी निवडून झाली आहे, मोरपिशी. आणि खरं असलं तरी दार उघडावंच लागेल, कारण मग चर्च माझंच घर, आणि मला तिथल्या मिस्सेला जायचं आहे.

तुझ्या पत्रातलं बाकी सगळं तुझं वाटतं. आईचं वाक्य तेवढं तुझं वाटत नाही, इतकं चांगलं तुला कधी सुचलेलं नाही. सिस्टरांचं ते हसणंही मला आता निराळं दिसतंय. भाजी निवडता निवडता हात आपोआप डोक्याकडे जातो.

माया आटलेली नाही. शनिवार, १९ एप्रिल, दुपारी चारच्या आत, तुझ्या अक्षरात, सहीसकट, एवढंच लिहून पाठव: आई तसं म्हणाली होती की नाही. फोन मी उचलणार नाही.

तुझी ताई, विद्युल्लता