नगराध्यक्षांचे नवे बूट

यार्मथ, इंग्लंड
ऑक्टोबर १८९६

तीर्थरूप आईस,
धुऊनही हेरिंग माशांचा वास न गेलेल्या एल्स्पेटचा नमस्कार.

ओटच्या भाकऱ्या पोचल्या, एकही मोडली नाही. पण आई, भाकऱ्यांपेक्षा त्यांच्याभोवती गुंडाळलेला कागदच जास्त गोड लागला! आपल्या गावचं जुनं वर्तमानपत्र. माझ्यासोबत राहणाऱ्या टिबीने सगळ्या खोलीला मोठ्याने वाचून दाखवलं:

"नगराध्यक्ष महाशय होडीतून उतरताना त्यांचे नवे बूट भिजू नयेत म्हणून एका कोळीणबाईंनी त्यांना पाठुंगळीस घेतले. वाटेत महाशयांनी बाईंच्या वयावर विनोद केला. बाईंनी त्यांना तेथेच, कमरेइतक्या पाण्यात, उतरवले."

टिबी ओरडली, "नाव कशाला हवंय? एल्सी, ही तुझीच आई!" मासे कापणाऱ्या आम्ही साऱ्या स्कॉटिश पोरी हसून हसून लोळलो.

तू दर पत्रात लिहितेस, पाठ बरी आहे. मी कधी विश्वास ठेवला नाही, कारण मीही बोटं बरी आहेत असंच लिहिते. (बरीच आहेत. चिंध्या बांधल्या की मीठ फारसं झोंबत नाही.) पण नगराध्यक्षांचं पोट मी पाहिलंय. ते ज्या पाठीने पेललं, तिची काळजी मी आजपासून सोडली.

बाबांचे पाय कोरडे राहावेत म्हणून त्यांनाही अजून तूच होडीपर्यंत नेतेस ना? त्यांना म्हणावं, तोंड सांभाळा.

एक मात्र छळ झालाय. "महाशय संतापले. त्यावर बाई म्हणाल्या," इथेच कागद फाटलाय. काय म्हणालीस गं? पुढच्या वेळी भाकऱ्या नसल्या तरी चालेल, पण उरलेला तुकडा पाठव.

तुझीच,
एल्स्पेट