दादरचे दोन चार नंबर

अण्णा,

दादरला आता चार नंबरचा फलाट एकच राहिलाय. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्हीकडचे फलाट एका ओळीत मोजून टाकलेत. परवा भाचीला गाडीत बसवायला गेले तेव्हा कळलं आणि पुलावरच मला हसू फुटलं. म्हटलं, एवढंच करायचं होतं तर आधी का नाही केलं मेल्यांनी? माझं एक वर्ष वाचलं असतं. तुमचंही काहीतरी वाचलं असतं, ते काय हे मला अजून धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय. पण आधीच सांगते, मी माफी मागायला बसलेली नाही.

सिल्वासाला स्टेशन नाही. कुठेही जायचं तर आधी वापी गाठायची, आणि पुण्याकडे जायचं तर दादरला उतरून वेस्टर्नवरून सेंट्रलवर जायचं. आपल्या सरकारी क्वार्टर्समधली निम्मी माणसं त्या दादरला घाबरायची. तुम्ही सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचात, आमलीतल्या कारखान्यांचे प्लॉट तुमच्याच हातून कागदावर उतरले, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की लोक आपल्या ओट्यावर यायचे. "अण्णा, आमचं दादर काढून द्या." शेजारच्या गुजराती बेनसुद्धा, "अण्णा, मने पण एक काढी आपोने." तुम्ही ट्रेसिंग पेपर पसरायचात, पट्टी लावून पूल काढायचात, जिने काढायचात, पाण्याचा नळसुद्धा काढायचात. आणि देताना प्रत्येकाला बजावायचात, "हा बघत जायचं. कुणाला विचारायचं नाय. विचारलंत की कळतं हा नवखा आहे, मग हमाल लुटतो नि भामटा मागे लागतो." लोक मान डोलवायचे. मला आता खात्री आहे की त्यातला प्रत्येक जण दादरला उतरून गुपचूप विचारत होता.

मी बारावी झाले त्या वर्षी पुण्याच्या एका हॉस्पिटलातून नर्सिंगच्या मुलाखतीचं पत्र आलं. दुपारी तीनची वेळ. आई म्हणाली आदल्या दिवशी जा, आत्याकडे राहा. तुम्ही म्हणालात रजा एकच दिवसाची आहे, आणि दादर काय मला नवीन आहे? पहाटे वापी, नऊ वाजता दादर. आपण उतरतो, पुलावर चढतो, माणसांच्या लोंढ्यात दोनदा वळतो, आणि चार नंबरची पाटी दिसताच तुम्ही माझं मनगट धरून मला जिन्याने खाली नेता. तिथे एक वजनाचं यंत्र आहे, लाल-पिवळे दिवे लागणारं. तुम्ही खूश आहात. मला नाणं देता, म्हणता, "बघ किती भरतेस, गाडीला अजून वेळ आहे." माझं वजन बेचाळीस किलो. साडेदहा होतात. पुण्याची गाडी येत नाही. येतात त्या भलत्याच गाड्या, आणि त्या सगळ्या आपण आलो तिकडेच जाणाऱ्या. मी म्हणते, "अण्णा, त्या हमालाला विचारूया ना." तुम्ही म्हणता, "गप उभी राहा गो. नकाशा मी काढलाय का त्याने?" तो हमाल आपल्यासमोरून तीनदा गेला. हात लांब केला असता तर त्याचा सदरा हाताला लागला असता. शेवटी अकराच्या पुढे तोच थांबून म्हणाला, "काका, कुठे जायचंय? पुणे? अहो, हा वेस्टर्नचा चार. तुमची गाडी सेंट्रलच्या चारवर लागते. गेली ती कधीच."

तुमचा चेहरा मी पाहिला नाही. मी यंत्रातल्या दिव्यांकडे बघत होते. पुढची गाडी दुपारची होती, तिचा उपयोग नव्हता. दादरहून पुण्याला टॅक्सी जाते हे मला फार नंतर कळलं, पण तेही कुणाला तरी विचारल्यावरच कळलं असतं! आपण परत फिरलो. वापीच्या स्टँडवर तुम्ही एवढंच म्हणालात, "घरी काय बोलू नको." आणि घरी तुम्ही सांगितलंत, गाडीच रद्द झाली. आईने देवाला दोष दिला. क्वार्टर्समधले लोक हळहळले आणि मे महिन्यात पुन्हा नकाशे मागायला आले, आणि तुम्ही काढून दिलेत! मी आतल्या खोलीत पोळ्या लाटत होते आणि ऐकत होते, "कुणाला विचारायचं नाय." अण्णा, त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की लाटणं आपटून मी पोळपाटाचा पाय तोडला. आई म्हणाली जुना होता. जुना नव्हता.

त्या वर्षात तुम्ही बोईसरचं एक स्थळ आणलंत. मुलगा कारखान्यात सुपरवायझर, स्वतःची स्कूटर. मी नाही म्हटलं. पुन्हा अर्ज केला, पुन्हा पत्र आलं आणि मी जाहीर केलं की मी एकटी जाणार. "एकटी? दादरला? हरवशील." मी म्हटलं, "हरवले तर विचारीन." निघताना आईने थालीपिठांचा डबा दिला आणि तुम्ही घडी केलेला ट्रेसिंग पेपर पुढे केलात. मी तो घेतला आणि न बघता डब्याच्या पिशवीत कोंबला.

आणि मी पोचले! वेळेवर पोचले, निवडले गेले, तीन वर्षं शिकले. पुढे सगळी नोकरी मी विचारण्यातच घालवली. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, काल काय खाल्लं. किलवणीसारख्या खेड्यातून आलेला म्हातारा असो नाहीतर मोठ्या मोटारीतून आलेला साहेब, जो सांगायला लाजतो त्याचंच दुखणं वाढतं, हे मी रोज पाहिलंय. विचारण्यात कमीपणा नाही अण्णा. तुमचं चुकत होतं. आजही समोर असतात तर तोंडावर म्हटलं असतं.

निवड होऊन मी घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर होतात. अभिनंदन वगैरे काही नाही. विचारलंत, "नकाशा लागला का?" मी म्हटलं, "तो वापीलाच टाकून दिला. विचारत विचारत गेले." तुम्ही थोडा वेळ चष्मा पुसत बसलात. मग म्हणालात, "बरं केलंस." त्यानंतर तुम्ही कुणालाच दादर काढून दिलं नाही. बेन आल्या तर म्हणालात, "उतरून विचारा, लोक सांगतात." मला वाटलं, जिंकले. आईने मात्र एकदा म्हटलं होतं, ह्यांनी हल्ली पेन्सिलीला टोकसुद्धा केलं नाही गो.

आता खरं काय झालं ते सांगते. एकटी गेले त्या दिवशी दादरला मी खरंच विचारलं. पहिल्याने उजवीकडे दाखवलं, दुसरीने डावीकडे, तिसरा घाईत म्हणाला, "चार नंबर, ह्या जिन्याने खाली." मी धावत उतरले आणि समोर तेच वजनाचं यंत्र, लाल-पिवळे दिवे. तिथेच बसून मी डब्याची पिशवी उपसली. नकाशाला तेल लागलं होतं. तुम्ही तो नव्याने काढला होता. त्यात चार नंबर दोन होते. ते यंत्रही होतं, बारीकसं, दिव्यांसकट, आणि त्याच्याजवळच्या चारवर लाल शाईची फुली. बाजूला तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं, "इथे माझी चूक झाली. इथे थांबू नये." तिथून एक बाण पुलावर, पुलावरून पलीकडे, थेट दुसऱ्या चारपर्यंत. मी कागद हातात धरून त्या बाणामागे पळाले. गाडीत चढले आणि लगेच ती सुटली.

हे मी तुम्हांला ओट्यावरच सांगू शकले असते. नाही सांगितलं. तुम्ही घरी गाडी रद्द झाली म्हणून सांगितलंत ना, मग मीही नकाशा टाकला म्हणून सांगितलं. फिटलं, असं मला वाटलं होतं. पण तुम्ही तुमची चूक निदान लिहून दिली होतीत, तीही माझ्याच हातात.