आईसोबत पाहिलेला कोरियन सिनेमा

मुरबाड, रविवार संध्याकाळ

आज मोबाइलवर एक छोटा कोरियन सिनेमा बघत होतो. दोन तरुण, एकमेकांवर प्रेम करणारे. त्यातला एक हे आईला सांगायला घरी येतो. माझी आई शेजारी येऊन बसली.

"काय बोलतो रे तो?"

खालच्या इंग्रजी ओळी वाचून सांगितलं, "तो म्हनतो, हा माझा नुसता दोस्त नाय. मी याच्यासंगच राहनार."

त्यातली आई सफरचंद सोलतच राहिली. मान वर नाही. का नाही करत ती मान वर?

सिनेमा संपल्यावर कसाबसा म्हणालो, "आई, मी आनि नितीन पन..."

"म्हाईत हाय. त्याच्या लग्नात तू जेवला नाय, तवाच कळलं."

"मग बोलली का नाय?"

"बोलून त्याचं लगीन थांबलं असतं का रे?" तिनंही मान वर केली नाही.

इतके दिवस एकाच घरात दोघं गप्प होतो! तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती केसांतून हात फिरवत राहिली.

आईला कळलंय, हे सगळ्यात आधी नितीनलाच सांगावंसं वाटलं. नंबर काढला. पण तिकडे शेणव्याला त्याच्या बायकोनं फोन उचलला तर काय बोलणार? नाही लावला.