आजीचं वाचन

मंगळवार, १० फेब्रुवारी, दुपारचे सव्वातीन. छकुलीच्या पुस्तकाचा सुटलेला पुठ्ठा चिकटवत होतो. तो वाळेपर्यंत लिहून घेतो.

प्रिय ताई,

आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायला बसलो होतो, पण हात धजावला नाही. छकुलीला पुन्हा दुसरीतच बसावं लागणार. बाईंनी शाळेत बोलावून घेतलं, तेव्हा कारखान्यात इस्त्रीचा ढीग तसाच टाकून गेलो. वर्गात तिला धडा वाचायला उभं केलं होतं. तिने पुस्तक नीट धरलं, ओळींवरून बोट फिरवलं, वेळेवर पानं उलटली आणि एका म्हाताऱ्या उंदराची गोष्ट घडाघडा म्हटली. धडा होता विहिरीचा. पोरं हसून लोळली. बाई म्हणाल्या, अहो, पोरगी हुशार आहे, पण ही निव्वळ थापेबाजी झाली. मी मान खाली घालून बसलो. तो उंदीर आपल्या दोघांच्या चांगल्याच ओळखीचा आहे.

आपल्या घरी वाचन म्हणजे हेच होतं ना गं. जेवणं आटोपली की आई हाताला लागेल तो कागद घ्यायची, औषधाच्या खोक्यातला, नाहीतर विजेच्या बिलाचा, आणि त्यातून गोष्ट वाचायची. तू मोठी, तुला लवकर उमगलं आणि तू हसून सोडून दिलंस. मी मात्र शाळेत पुस्तक उघडलं तेव्हा त्यात कुणीच राहत नव्हतं. सातवीनंतर शाळा सुटली त्याचा दोष आईला देत नाही. पण साधा शब्द लिहितानाही अजून धाकधूक होते, बरोबर आहे ना म्हणून.

छकुली आजीच्या मांडीवर तेच शिकली. आम्ही दोघं दिवसभर कामावर. घरी आलो की पोरगी पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसायची आणि आमची छाती फुगायची.

बाईंच्या सांगण्यावरून आता मी तिच्याबरोबर रोज एक पान वाचतो. दोन शब्द झाले की ती अडते. म्हणते, बाबा, तुझ्या वाचण्यात काही घडतच नाही, आजीला दे. आई ओट्यापाशी असली तरी हात पुसत येते, आण इकडे, याला मेल्याला काय येतंय. परवा माझा तोल गेला. छकुलीसमोरच म्हणालो, आई, तुला वाचता येत नाही. आईने पुस्तक खाली ठेवलं आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. छकुली म्हणाली, बाबा खोटं बोलतोय. तेव्हापासून घरात गोष्ट नाही. पोरगी आता वाचतही नाही, सांगतही नाही. पुस्तक समोर धरलं की ओठ घट्ट मिटून घेते. आणि आजी जवळ असली की डोळे तिच्याकडेच लागलेले.

म्हणून आईला तुझ्याकडे पाठवतोय. महिनाभर जाऊन ये, असं तिला सांगितलंय. ताई, तिला परत पाठवू नकोस. निदान छकुली वाचायला लागेपर्यंत तरी. ती लागेल की नाही, मला माहीत नाही. आईने परतीचं विचारलं की काहीतरी कारण सांग, मला तिच्यापुढे ते जमणार नाही. हे पत्र तिच्याच हाती देतोय. तुझ्या हातात पडण्याआधी तिने ते तुझ्या मुलांना वाचून दाखवलं असेल, आणि त्यात मी तिला लवकर परत ये म्हणून लिहिलं असेल.

तुझाच,
धाकटा